चांदीच्या बेलचा जुना ट्रॉम्बोन आणि जॅझ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॅझ वाजवणारे दोन ट्रॉम्बोनवादक भेटले की कधी ना कधी विषय किंग या अमेरिकी बनावटीच्या जुन्या ट्रॉम्बोनच्या चांदीच्या बेलवर येतोच. एक म्हणतो तसा आवाज पुन्हा होणे नाही, दुसरा म्हणतो सगळे मनाचे खेळ. मी स्वतः या वाद्यांच्या प्रेमात आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या प्रेमापोटी लोक चुकीची वाद्यं चुकीच्या भावात घेतात, तेही पाहिलंय. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची माझ्यापरीने उत्तरं इथे देतो आहे.

चांदीची बेल म्हणजे नेमकं काय?

ट्रॉम्बोनचा पुढे पसरत जाणारा, भोंग्यासारखा भाग म्हणजे बेल. बहुतेक ट्रॉम्बोनमध्ये ती पितळेची असते. सुमारे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलं की पिवळं पितळ. तांब्याचं प्रमाण ८५-९० टक्क्यांपर्यंत नेलं की रंग तांबूस होतो आणि वादकांच्या मते आवाजही जरा गोलसर होतो. आपण ज्या वाद्यांबद्दल बोलतोय त्यांची बेल स्टर्लिंग चांदीची असते, म्हणजे ९२.५ टक्के चांदी आणि उरलेलं मुख्यतः तांबं. बाकीचं वाद्य, म्हणजे स्लाइड (सूर बदलण्यासाठी पुढे-मागे सरकवायची नळी), ट्यूनिंग स्लाइड आणि आधाराच्या पट्ट्या, पितळ आणि निकेलच्या मिश्रधातूंचंच असतं. अख्खा ट्रॉम्बोन चांदीचा नसतो.

म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला ट्रॉम्बोन वेगळा?

पूर्णपणे वेगळा, आणि सर्वात जास्त फसगत इथेच होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पितळी वाद्यांवर चांदीचा मुलामा देणं सर्रास चालायचं. त्या काळचे कॉन, होल्टन, ब्यूशर या कंपन्यांचे असंख्य ट्रॉम्बोन पांढरेशुभ्र दिसतात, पण आत पितळच असतं. मुलामा काही मायक्रॉन जाडीचा असतो. अस्सल चांदीच्या बेलमध्ये पत्राच चांदीचा असतो.

तिसरा प्रकार जर्मन सिल्व्हरचा. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदीचा कणही नसतो. ट्रॉम्बोनच्या स्लाइडच्या नळ्या बऱ्याचदा याच धातूच्या असतात आणि काही वाद्यांच्या बेलवर त्याची कडा किंवा पट्टा असतो. आणि लग्नाच्या बँडमध्ये दिसणारी पांढरी चकचकीत वाद्यं बहुतेक मुलाम्याचीच असतात.

मग ओळखायचं कसं?

आधी बेलवरचं कोरीव काम वाचा. किंगच्या वाद्यांवर ‘सिल्व्हर सॉनिक’ किंवा त्याआधीच्या काळात ‘सिल्व्हरटोन’ ही नावं चांदीच्या बेलसाठी वापरली जात. मग झिजलेल्या जागा पाहा: डावा हात जिथे धरतो त्याच्या जवळचा भाग, बेलची बाहेरची कडा, केसमध्ये घासणारी बाजू. मुलामा असेल तर तिथे पिवळी झाक डोकावते. चांदी असेल तर कितीही झिजली तरी खाली पांढरीच.

एक गोष्ट मात्र गोंधळात टाकते. किंगच्या चांदीच्या कित्येक बेलना आतून सोन्याचा पातळ मुलामा असतो. बेलच्या तोंडात पिवळा रंग दिसला म्हणून ‘हे तर पितळ’ असं म्हणून वाद्य परत करू नका. बाहेरून तपासा.

लोहचुंबकाचा काही उपयोग नाही, कारण चांदी आणि पितळ दोन्हींना तो चिकटत नाही. कसोटीचा दगड आणि ॲसिड तर वाद्याच्या जवळही आणू नका. शंका फारच असेल तर सोन्या-चांदीचं हॉलमार्किंग करणाऱ्या केंद्रात क्ष-किरणांनी धातू तपासायचं यंत्र असतं. ओरखडाही न पडता ते धातूचं प्रमाण सांगतं. दोन-तीन ठिकाणी बाहेरून तपासून घ्या. जस्ताचं प्रमाण ठळक दिसलं की समजा, खाली पितळ आहे.

सगळे किंगचंच नाव का घेतात?

कारण चांदीची बेल नियमित मॉडेल म्हणून इतकी वर्षं, इतक्या संख्येने दुसऱ्या कुणी क्वचितच बनवली. हेंडरसन व्हाइट यांनी ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरात १८९३ साली एच. एन. व्हाइट कंपनी काढली. तिथले एक ट्रॉम्बोनवादक थॉमस किंग यांच्यासोबत त्यांनी एक ट्रॉम्बोन घडवला आणि त्याला किंग यांचंच नाव दिलं. पुढे ते नाव कंपनीच्या सगळ्याच वाद्यांवर चढलं. १९४० साली हेंडरसन व्हाइट गेले आणि त्यांच्या पत्नी एडना व्हाइट यांनी कारभार हाती घेतला. १९६५ साली कंपनी विकली जाईपर्यंत तो त्यांच्याच हातात होता. आज ज्या किंगच्या मागे जॅझवाले वेडे आहेत, त्यातली मोठी संख्या या बाईंच्या काळातली. त्यांचं नाव या गप्पांमध्ये फारसं निघत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

चांदीचा प्रयोग ट्रॉम्बोनपुरता नव्हता. ट्रम्पेट, कॉर्नेट झाले, आणि किंग सुपर २० या सॅक्सोफोनची सिल्व्हर सॉनिक आवृत्तीही निघाली. जॅझमधले नामवंत वादक कॅननबॉल ॲडर्ली यांचा आल्टो सॅक्सोफोन तोच. जॅझमध्ये किंगच्या चांदीला जी प्रतिष्ठा मिळाली, तिच्यात या सॅक्सोफोनचा वाटा मोठा आहे.

२बी आणि ३बी हे काय प्रकरण आहे?

किंगच्या मॉडेलांची नावं. साधारणपणे आकडा वाढेल तशी नळी रुंद होते.

२बी, ज्याला लिबर्टी असंही म्हणतात, त्याची स्लाइड दुहेरी मापाची असते. वरच्या नळीचा आतला व्यास ०.४८१ इंच आणि खालच्या नळीचा ०.४९१ इंच, म्हणजे साधारण १२.२ आणि १२.५ मिलिमीटर. बेल सुमारे १८७ मिलिमीटरची. वाद्य हलकं, फुंक लगेच पकडणारं, आवाज एकवटलेला.

३बी ची नळी ०.५०८ इंच, म्हणजे १२.९ मिलिमीटर, आणि बेल ८ इंचांची. आवाजाला अंग जास्त. बीबॉप या वेगवान जॅझ शैलीनंतरच्या लहान बँडमध्ये, जिथे एकटा ट्रॉम्बोन ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या बरोबरीने उभा राहतो, तिथे हे माप फार चपखल बसलं. आजही ‘जॅझसाठी एकच ट्रॉम्बोन घ्यायचा तर कोणता’ असं विचारलं तर अनेकजण डोळे झाकून ३बी म्हणतील. मीही म्हणेन.

तुलनेसाठी: सिम्फनी ऑर्केस्ट्रात चालणाऱ्या कॉन ८८एच किंवा बाख ४२ ची नळी ०.५४७ इंचांची असते, म्हणजे जवळपास १३.९ मिलिमीटर. आकड्यात फरक एका मिलिमीटरचा वाटतो, पण फुंकताना तो जमीन-अस्मानाचा असतो.

चांदीने आवाज खरंच बदलतो का?

याचं एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

ट्रॉम्बोनमध्ये आवाज धातूतून येत नाही. ओठांच्या थरथरण्याने नळीतला हवेचा स्तंभ कंप पावतो. पहिल्या पोझिशनला, म्हणजे स्लाइड पूर्ण आत असताना, ही नळी सुमारे पावणेतीन मीटर लांब असते. आवाजाची जात ठरवतात ती नळीचा व्यास, बेल कुठून आणि कशी रुंदावत जाते तो उतार, माउथपीसचा कप आणि वाजवणाऱ्याचं तोंड. धातूची भिंत या हवेला धरून ठेवते. भिंत स्वतः किती कंप पावते आणि ते कंपन कानापर्यंत किती पोचतं, हा खरा वादाचा मुद्दा.

बासरीवर यासंबंधी चांगलं काम झालंय. जॉन कोल्टमन यांनी १९७१ मध्ये चांदी, तांबं आणि लाकडाच्या, आतून सारख्याच मापाच्या बासऱ्या घेतल्या. न बघता ऐकणाऱ्यांना आणि वाजवणाऱ्यांनाही त्यांतला फरक ओळखता आला नाही. ट्रॉम्बोनच्या बाबतीत ब्रिटनमधले रिचर्ड स्मिथ यांनी वेगवेगळ्या जाडीच्या बेल वापरून चाचण्या घेतल्या. कोणती बेल लावली आहे ते वादकांना दिसणार नाही अशी व्यवस्था होती. व्यावसायिक वादकांनाही सातत्याने ओळखता आलं नाही. दुसरीकडे ट्रम्पेटची बेल दाबून धरली, तिचं कंपन थांबवलं, तर आवाजात मोजता येण्याजोगा फरक पडतो, असंही प्रयोगांतून दिसलंय. तेव्हा परिणाम शून्य नाही, पण लोक सांगतात तितका मोठाही नाही.

चांदी आणि पितळ यांच्यात फरक आहेच. स्टर्लिंग चांदीची घनता पितळेपेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने जास्त. म्हणजे सारख्या जाडीची बेल वजनाला जड. त्याच वेळी चांदी कमी ताठ, जास्त मऊ. जड आणि मऊ पत्रा वेगळ्या कंपनसंख्येला थरथरतो. हे थरथरणं सर्वात जास्त कुणाला जाणवतं? ज्याच्या डाव्या हाताची बोटं बेलच्या आधारपट्टीवर आहेत आणि ज्याचा कान बेलच्या मागे काही इंचांवर आहे, त्याला.

माझं मत असं: चांदीच्या बेलचा फरक वाजवणाऱ्याला खरा जाणवतो आणि श्रोत्याला फार थोडा. पण वाजवणाऱ्याला जाणवलं की त्याचं वाजवणं बदलतं. आपला आवाज स्वतःला घट्ट, नेमका ऐकू आला की माणूस उगाच जोर लावत नाही, आघात स्वच्छ करतो, लांब सूर न थरथरता धरतो. तो बदल शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू जातो. मग त्याचं श्रेय चांदीला द्यायचं की वादकाला, यावर रात्रभर भांडता येईल.

पण जोरात वाजवल्यावर जो ‘करकरीत’ आवाज येतो तो चांदीमुळे ना?

नाही, तो मुख्यतः बारीक नळीमुळे. १९९६ साली हिर्शबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ट्रॉम्बोन कमाल जोरात वाजवला तर स्लाइडच्या लांब, सरळ नळीत दाबाच्या लाटा पुढे जाता जाता उभ्या होत जातात आणि बेलमधून धक्कालहरी बाहेर पडते. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानाचा जो कडकडाट होतो, त्याच कुळातली ही गोष्ट. या तीव्र लाटेत उंच स्वरांश भरपूर असतात आणि तीच आपल्याला ती झळाळी म्हणून ऐकू येते. नळी अरुंद असेल तर तितक्याच आवाजासाठी आतला दाब जास्त लागतो, त्यामुळे ही झळाळी लवकर येते. २बी किंवा ३बी चा धारदारपणा इथून येतो, आणि पितळी बेलच्या २बी मध्येही तो असतोच.

चांदीबद्दल जुने वादक जे सांगतात ते थोडं वेगळं आहे: जोर वाढवला तरी आवाज ‘फाटत’ नाही, मधोमध गाभा टिकून राहतो. मला स्वतःला ते पटतं. प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं सत्य म्हणून मात्र मी ते सांगणार नाही.

जॅझवाल्यांनाच इतकं आकर्षण का? ऑर्केस्ट्रावाले का वेडे होत नाहीत?

ऑर्केस्ट्रात तीन-चार ट्रॉम्बोन मिळून एक आवाज करतात. कुणाचाही आवाज वेगळा निघाला की कंडक्टर मान वर करतो. जॅझमध्ये नेमकं उलट. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या बँडमध्ये किड ओरी लांब घसरत्या सुरांनी बाकीच्यांच्या खालून जागा भरत असत. ड्यूक एलिंग्टन यांच्या बँडमध्ये तर तीन ट्रॉम्बोन आणि तीन संपूर्ण वेगळी माणसं: ‘ट्रिकी सॅम’ नॅन्टन प्लंजर म्यूटने, म्हणजे आवाज बदलण्यासाठी बेलच्या तोंडावर धरायच्या रबरी कपाने, ट्रॉम्बोनला बोलायला लावायचे, लॉरेन्स ब्राउन गाणाऱ्यासारखे वाजवायचे, आणि हुआन टिझोल झडपांच्या ट्रॉम्बोनवर. मग १९४०च्या दशकात जे. जे. जॉन्सन आले आणि त्यांनी बीबॉपचा वेग स्लाइडवर इतक्या स्वच्छपणे आणला की ऐकणाऱ्यांना वाटायचं, हा माणूस नक्की झडपांचा ट्रॉम्बोन वाजवतोय.

अशा संगीतात वादकाला हवं असतं चटकन बोलणारं वाद्य, प्रत्येक सुराचा स्पष्ट आरंभ आणि गर्दीतही ओळखू येईल असा स्वतःचा आवाज. हलकी स्लाइड, अरुंद नळी आणि घट्ट वाटणारी बेल हे मिश्रण त्याला मदत करतं. काळ्या-सोनेरी जॅझ क्लबच्या उजेडात चांदी दिसते सुंदर, हेही आहेच. दिसण्याचा आनंद हा काही कमी प्रतीचा आनंद नव्हे.

कोणकोणत्या मोठ्या वादकांनी ही वाजवली?

किंगच्या ट्रॉम्बोनबरोबर टॉमी डॉर्सी, जे. जे. जॉन्सन, काय विंडिंग ही नावं नेहमी घेतली जातात. पण एक सावधगिरी बाळगा. हे लोक आयुष्यात अनेक वाद्यं वाजवत, कंपन्यांशी करार करत, करार बदलत. जाहिरातीत हातात असलेलं वाद्य आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी हातात असलेलं वाद्य एकच होतं असं समजू नका. विकणारा ‘अमक्याने अमक्या रेकॉर्डवर हेच मॉडेल वाजवलंय’ म्हणून भाव वाढवत असेल, तर त्या वाक्याला शून्य किंमत द्या आणि स्लाइड तपासा.

आपल्याकडे, मुंबई-गोव्यात, या वाद्याचा काही इतिहास आहे का?

जॅझचा आहे आणि तो अभिमान वाटावा असा आहे. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला. त्यानंतर पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे कलाकार इथे रमले. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये नोटेशन वाचायला शिकलेली पोरं मुंबईत येऊन या बँडमध्ये बसली. ट्रम्पेटवर चिक चॉकलेट यांचं नाव तर दंतकथाच झालं. हेच गोवेकर वादक दिवसा हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत आणि रात्री हॉटेलांत वाजवत. पन्नास-साठच्या दशकांतल्या क्लबच्या गाण्यांमध्ये मागे पितळी वाद्यांचा जो दणका ऐकू येतो, तो बराचसा त्यांचाच.

१९६३ मध्ये एलिंग्टन यांचा बँड भारतात आला होता. ट्रॉम्बोनच्या रांगेत लॉरेन्स ब्राउन, बस्टर कूपर आणि चक कॉनर्स. १९७८ पासून मुंबईत जॅझ यात्रा हा महोत्सव भरू लागला आणि पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स आले.

जुन्या वादकांच्या कुटुंबांत, वसई, बांद्रा, माझगाव किंवा गोव्यातल्या घरांत, कपाटावर एखादी केस पडलेली असू शकते. ती उघडली गेली तर कृपा करून आधी घासूनपुसून चकचकीत करायला घेऊ नका. का, ते पुढे येतंय.

जुना सिल्व्हर सॉनिक विकत घेताना सर्वात आधी काय बघायचं?

स्लाइड. बेल नंतर. माझं सगळ्यात ठाम मत हेच.

बेलमध्ये पोचा असेल तर तो निघतो. स्लाइड वाकलेली, झिजलेली किंवा आतून कुजलेली असेल तर दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीला जाऊन भिडतो, आणि जुन्या किंगच्या स्लाइडचे सुटे भाग मिळवणं सोपं नाही. तेव्हा हातात वाद्य आलं की असं करा.

स्लाइडला थोडं क्रीम आणि पाण्याचा फवारा मारून घ्या. माउथपीसची बाजू वर धरून वाद्य उभं करा, खालची टोकं जमिनीपासून थोडी वर, आणि कुलूप सोडून बाहेरच्या नळ्या हळूच खाली सरकू द्या. चांगली स्लाइड एकाच वेगाने, न अडकता घसरते. कुठे मध्येच दम धरत असेल तर तिथे नळी वाकलेली आहे किंवा पोचा आहे. हात खाली तयार ठेवा, नाहीतर स्लाइड जमिनीवर.

मग हवेची चाचणी. बेल काढून ठेवा, माउथपीसचं आणि बेल जोडायचं अशी स्लाइडची दोन्ही तोंडं बोटांनी घट्ट झाका आणि बाहेरच्या नळ्या ओढून बघा. नळ्या हवाबंद असतील तर ओढताना विरोध जाणवतो आणि बोट काढलं की ‘फट्’ असा आवाज येतो. विरोधच नसेल तर कुठेतरी गळती आहे.

मग बाहेरची स्लाइड काढून बाजूला ठेवा आणि आतल्या दोन नळ्या सपाट काचेवर आडव्या टेकवा. चारही टोकं काचेला लागली पाहिजेत. एक टोक डोलत असेल तर नळ्या समांतर नाहीत. आतल्या नळ्यांच्या टोकाला किंचित फुगीर भाग असतो, तिथला क्रोमचा थर उडाला आहे का बघा. उडाला असेल तर खालचा धातू मळकट दिसतो आणि बोटाला खरबरीत लागतो.

माउथपीस बसते तिथल्या नळीत टॉर्च मारून पाहा. पितळेवर गुलाबी-तांबूस ठिपके दिसले तर जस्त निघून जाऊन धातू आतून पोकळ होतोय. चांदीच्या बेलला हा रोग होत नाही, कारण तिच्यात जस्त नसतं. पण याच वाद्याच्या पितळी नळ्यांना होतो.

वाद्य कोणत्या काळातलं हे कसं कळणार?

बेलवर एच. एन. व्हाइट कंपनी आणि क्लीव्हलंड, ओहायो असं कोरलेलं असेल तर ते साधारण १९६५ पूर्वीचं. त्या सुमारास कंपनी विकली गेली आणि काम ओहायोतच ईस्टलेकला गेलं. पुढे आणखी मालक बदलत किंगचं नाव आज कॉन-सेल्मरकडे आहे. संग्राहक क्लीव्हलंडच्या वाद्यांना जास्त भाव देतात. पण ईस्टलेकची सगळी वाद्यं कमी प्रतीची असं अजिबात नाही. मी तर म्हणेन, चांगल्या स्लाइडचं ईस्टलेक हे खराब स्लाइडच्या क्लीव्हलंडपेक्षा केव्हाही बरं.

कोकण-मुंबईच्या दमट हवेत चांदी काळी पडणार नाही का?

पडणार. हवेतल्या गंधकाच्या वायूंशी संयोग होऊन चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. दमटपणा त्याला वेग देतो. यापासून वाद्याच्या आवाजाला काही धोका नाही. थोडा जुनाट करडा रंग अनेकांना आवडतोही, मलाही.

वेग कमी करायचा असेल तर वाजवून झालं की मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापडाने बोटांचे ठसे पुसा. केसमध्ये काळवंडणं रोखणारी पट्टी आणि सिलिका जेलची पुडी ठेवा. आणि रबर केसच्या बाहेर ठेवा. रबर बँड, रबरी स्टॉपर, काही स्वस्त फोम यांतून गंधक निघतो आणि चांदीवर काळे पट्टे उमटतात. काही बेलवर पारदर्शक लॅकर असतं. ते तडकलं की भेगांच्या रेषांत काळेपणा शिरतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसते. ती घासून जाणार नाही, म्हणून घासत बसू नका.

जवळच्या सराफाकडून उजाळा करून घेतला तर?

नको. सराफाची चूक नाही. समई, ताट, निरांजन यांचा पत्रा जाड असतो आणि बफच्या चाकावर ते सहज चकचकीत होतात. ट्रॉम्बोनची बेल पातळ असते, मिलिमीटरच्या अर्ध्याच्या आसपास. बफने कोरीव काम पुसट होतं, कडेजवळ पत्रा आणखी पातळ होतो आणि आतला सोन्याचा मुलामा तर काही सेकंदांत उडतो. ॲसिडात बुडवणं तर सोल्डरच्या सांध्यांसाठीही वाईट.

रासायनिक डिप, टूथपेस्ट, राख, चिंच हे सगळं स्वयंपाकघरातच ठीक आहे. फारच काळं झालं असेल तर चांदीसाठीचं साधं पॉलिशचं कापड घ्या, हलक्या हाताने, लांब सरळ फटक्यांत, वर्षात एक-दोनदा. बेलच्या आतून नाही.

पोचा काढायला कुणाकडे द्यायचं?

ब्रास वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडेच, आणि देताना ‘बेल स्टर्लिंग आहे’ हे तोंडी नाही तर चिठ्ठीवर लिहून द्या. चांदी पितळेपेक्षा मऊ, त्यामुळे पोचे लवकर येतात पण सरळही बऱ्यापैकी होतात. मात्र पितळेच्या सवयीने जोर लावला तर पत्रा ताणला जातो आणि तिथे कायमची लाट राहते. जुन्या वाद्यात आधी कुणी डाग लावून दुरुस्ती केली असेल तर तिथला सोल्डर लगेच ओळखू येतो. एखादी जुनी, नीट केलेली दुरुस्ती असणं हा दोष नव्हे. वाजलेल्या वाद्याच्या अंगावर खुणा असणारच.

स्लाइडला काय लावायचं? जुने लोक कोल्ड क्रीम म्हणतात ते खरं का?

खरं आहे. पॉन्ड्सचं कोल्ड क्रीम आणि पाण्याची फवारणी ही अमेरिकेतल्या ट्रॉम्बोनवादकांची कित्येक दशकांची युक्ती. आपल्या आया हिवाळ्यात तोंडाला लावायच्या तेच. अगदी थोडं, आतल्या नळीच्या फुगीर टोकाला, बाकी पाणी काम करतं. आज खास स्लाइडसाठी बनवलेली क्रीम आणि लिक्विड मिळतात. ती जास्त वेळ टिकतात आणि मी तीच वापरायला सांगेन. पण कार्यक्रमाच्या रात्री ट्यूब संपली असेल तर मेडिकल दुकानातून मिळणारं कोल्ड क्रीम वेळ निभावून नेतं. नंतर मात्र नळ्या धुवा.

म्यूट लावताना काही काळजी?

हो. कॉर्कवाले स्ट्रेट आणि कप म्यूट ठीक. क्लिपने बेलच्या कडेला अडकवायचे बकेट म्यूट चांदीवर ओरखडे आणि दाबाच्या खुणा पाडतात, तेव्हा क्लिपला फेल्ट किंवा कापड लावून घ्या. प्लंजरने वाजवणाऱ्यांनी रबराचा कप बेलवर आपटू नये. नॅन्टनच्या आवाजाच्या शोधात असाल तरी कड वाकवून तो मिळत नाही. आणि वाजवून झाल्यावर प्लंजर बेलमध्ये घालून केस बंद करू नका: पुन्हा तेच रबर, तेच गंधक.

नवशिक्याने घ्यावा का?

घेऊ नये, असं मला वाटतं. पहिली दोन-तीन वर्षं वाद्य पडणार, स्लाइड आपटणार, माउथपीस अडकणार. शिकायला साधा, सरळ स्लाइडचा पितळी विद्यार्थी ट्रॉम्बोन पुरतो. सूर पोझिशनवर स्थिर झाला आणि आपल्याला कोणता आवाज हवाय हे कानात पक्कं झालं, की मग जुन्या वाद्यांचा शोध घ्या. कारण २बी सारखं अरुंद वाद्य फुंकेतली प्रत्येक सैल जागा उघडी पाडतं. शिकलेल्याला त्याचा फायदा होतो, न शिकलेला वैतागतो.

बाहेरून मागवायचा असेल तर?

विकणाऱ्याकडून स्लाइड चालताना दिसेल असा व्हिडिओ मागा, नुसते फोटो नकोत. पाठवताना स्लाइड बेलपासून वेगळी, कुलूपबंद, आणि बेलच्या आत-बाहेर भरपूर भरण असावं. केसमध्ये बेल हलली तर तिच्या मानेत घडी पडते आणि ती काढणं महाकठीण. कस्टम ड्यूटी किती लागेल ते आधी विचारून घ्या. आणि हिशेबात दुरुस्तीवाल्याची पहिली भेट धराच. दशकानुदशकं केसमध्ये पडून असलेल्या वाद्याला ती लागतेच.

चांगला पितळी ३बी समोर आहे, पण मनात चांदी आहे. वाट बघू का?

बघू नका. स्लाइड चांगली असेल तर पितळी ३बी आजच घ्या. जो आवाज तुम्हाला रेकॉर्डमध्ये भुरळ घालतो, त्याचा मोठा हिस्सा नळीच्या मापात आणि बेलच्या उतारात आहे, आणि ती दोन्ही त्या पितळी वाद्यात आहेत. चांदीच्या बेलचा ३बी पितळीपेक्षा महाग असतो. ते जास्तीचे पैसे सध्या चांगल्या माउथपीसला आणि स्लाइडच्या सफाईला लावा. वर्षभर तो मन लावून वाजवा. पुढे सिल्व्हर सॉनिक हातात आला तर दोन्ही शेजारी ठेवून, शक्य असेल तर कुणाला तरी पाठीमागे उभं करून, कोणता कोणता आहे ते न सांगता वाजवून दाखवा. तुमच्या हाताला चांदीवाला जास्त आवडला तर घ्या. मागे उभ्या माणसाला फरक कळला नाही तरी घ्या, वाजवायचा तुम्हालाच आहे.